चुन्याची फुली

बाबांना वाचता येत नव्हतं असं मी कुठेकुठे बोलून गेले आहे. ते खरं नाही. त्यांना मराठी वाचता यायचं. पंचांग ते वाचायचे, देवळाच्या फळ्यावरची सूचना वाचायचे, वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या तर आईला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. इंग्रजी मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी म्हापशाच्या कॉलेजात जायला लागल्यापासून घरात इंग्रजीत छापलेलं जे काही येई, मग ते विजेचं बिल असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की वाहतूक कचेरीतला कागद, ते माझ्या हातात पडायचं. मी ते डोळ्यांसमोर धरून ओठ हलवायची. बाबा विचारायचे, "वाचलंस?" मी म्हणायची, "होय." "मग झाला," म्हणून ते उठायचे. काय वाचलं, किती वाचलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आईच्या आणि बाबांच्या दोन्ही घरांत कॉलेजचा जिना चढलेली मी पहिली, आणि तो जिना चढला की माणसाला सगळं कळतं, अशी घरात समजूत होती. ती समजूत मोडावी असं मला कधी वाटलं नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

आमचं घर कारापूरला, रस्त्याच्या खालच्या अंगाला. पुढे अंगण आणि अंगणाला लागून बाबांचा अड्डा. ठोकलेल्या, मोडलेल्या गाड्या आणायच्या, तोडायच्या, पत्रा वेगळा, ॲल्युमिनियम वेगळं, तांबं वेगळं करून विकायचं. बाबा मूळचे दोडामार्गकडचे. तरुणपणी खाणीवर कामाला आले आणि खाणीच्या वर्कशॉपमध्ये गॅस कटरवर इतकी वर्षं राहिले की त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर केस उगवायचे बंद झाले. पुढे स्वतःचा अड्डा टाकला तेव्हा आईचा भाऊ, वासूमामा, त्यांच्या जोडीला आला. कापायचं काम आता मामा करायचा. कटरच्या आवाजाने त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता, म्हणून तो स्वतः ओरडूनच बोलायचा आणि आम्हीही त्याच्याशी ओरडून बोलायचो. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, मागोमाग खनिजाच्या ट्रकांची रांग, आणि आठ वाजले की अड्ड्यातून कटरची ती सलग सूं सूं. जेवणाला पेज आणि सुक्या बांगड्याची किस्मूर असायची. खोबऱ्याचा, भाजलेल्या मासळीचा आणि जळलेल्या रंगाचा वास माझ्या डोक्यात आजही एकत्रच आहे. तो वेगळा काढता येत नाही.

खाणीच्या वर्कशॉपातली एक रीत बाबांनी सोबत आणली होती. डिझेलची टाकी असो, तेलाचं पिंप असो, त्याला गॅस लावायच्या आधी एका माणसाने ते रिकामं आहे की नाही हे पाहायचं आणि पाहून झालं की त्यावर ओल्या चुन्याने फुली मारायची. फुली म्हणजे आत काही जिवंत नाही, खुशाल काप. फुली नसेल तर कटर पेटवायचा नाही, मालक उभा राहून शिव्या घालत असला तरी नाही. आणि फुली ज्याने मारली, जबाबदारी त्याची. वासूमामा कापण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायचा, फुली दिसली की गॉगल खाली ओढायचा. त्यापलीकडे तो काही तपासत नसे. तपासायचं असतं तर मग फुली कशाला?

एअरबॅग असलेल्या गाड्या अड्ड्यात यायला लागल्या तेव्हा ही रीत अडली. पहिली आली ती एक चंदेरी रंगाची परदेशी बनावटीची गाडी, हायवेवर ट्रकाला समोरून बसलेली. स्टिअरिंगमधून एक आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमधून एक अशा दोन मळकट पांढऱ्या पिशव्या बाहेर लोंबत होत्या. वासूमामाने काठीने एक पिशवी हलवली आणि म्हणाला, "भावोजी, हिचा पोट बाहेर इला." बाबा हसले नाहीत. आत बंदुकीच्या दारूसारखं काहीतरी असतं, असं त्यांनी म्हापशाच्या एका मेकॅनिककडून ऐकलं होतं. गाडीच्या कप्प्यात एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं, दुरुस्तीचं. ते त्यांनी आणून माझ्यासमोर ठेवलं.

मी ते स्वयंपाकघराच्या जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसून वाचलं. दीड पान वाचलं. परीक्षा जवळ आली होती, शब्द अवघड होते, आणि प्रत्येक शब्दाला डिक्शनरी काढताना बाबांनी पाहावं हे मला नको होतं. मला समजलं ते असं: न उघडलेल्या बॅगेला हत्यार लावायचं नाही, ती ठोकायची नाही, तिला आग दाखवायची नाही. लांबून वायर लावून ती आधी फोडून घ्यायची. उघडलेली बॅग परत वापरता येत नाही. यावरून पुढचं मीच ठरवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "जी उघडली ती मेली. उघडली नाय ती जिवंत."

"वाचलंस?"

"होय."

बाबांनी चुन्याचा डबा आणि काथ्याचा कुंचला माझ्या हातात दिला. "मग फुली तूच मार. ज्याका म्हायत असा त्यानाच मारूची."

त्या डब्याचं वजन मला अजून आठवतं. मी दोन्ही लोंबत्या पिशव्यांच्या बुडाशी एकेक फुली मारली आणि टपावर एक मोठी, सगळी गाडी मेली या अर्थाची. वासूमामा कमरेवर हात ठेवून पाहत होता. "आता मास्तरीण फुली मारणार आणि मी कापणार," तो ओरडला. त्या महिन्यात अशा आणखी तीन गाड्या आल्या. सकाळी कॉलेजची बस पकडायच्या आधी मी ताजा चुना कालवायची, उघडलेल्या पिशव्या शोधायची आणि फुल्या मारायची. डाव्या बाजूची न उघडलेली एक होती, ती बाबांनी आंब्याखाली लाकडी खोक्यात वेगळी ठेवली. सीटच्या पट्ट्यांकडे मी पाहिलंही नाही. पट्ट्यांचं पान पुढे होतं.

आई आमची काटकसरी. पिशव्यांचं ते घट्ट विणीचं कापड पाहून तिचा जीव राहिना. तिने कोयत्याने ते कापून घेतलं. मागे स्टिअरिंगच्या मधोमध बसणारी लोखंडाची जाड चकती उरायची, ती मालात जायची. चैत्राचे दिवस होते. आम्ही शेजारच्या डोंगरातली काजू अर्ध्या वाट्याने करायचो. बोंडू तुडवून काढलेला रस, म्हणजे नीरो, गाळायला आईला असंच कापड हवं होतं, फाटणारं नाही असं. तिने ते झटकलं तेव्हा पिठासारखी पूड उडाली आणि ती शिंकत शिंकत आत आली. मग विहिरीवर बसून तिने ते तीन पाण्यांतून काढलं.

दोन दिवसांनी तिच्या तळव्यांची साल निघायला लागली. काजूच्या दिवसांत आमच्याकडे हाताची साल निघणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. बियांच्या डिकाने सगळ्या बायकांचे हात भाजलेले असायचे. शेजारणीने खोबरेल सांगितलं, आईने ते लावलं. मलाही ते डिकाचंच वाटलं. ती एवढंच म्हणाली होती, "ह्या वर्साचो डीक काय तरी वेगळोच गो. कपडो धुताना हात बुळबुळीत लागत होते, साबण लावल्यासारखे. आणि साबण तर मी लावलंच नव्हता." मी पेजेत लोणचं बुडवत होते. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तो दिवस बुधवार होता की गुरुवार, ते आता सांगता येणार नाही. सकाळी निघताना अड्ड्यात गडबड होती, भंगार घेणाऱ्या पेडण्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. मी दुरुस्तीचं ते पुस्तक पिशवीत घातलं होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ गॅरेजात होता आणि असलं पुस्तक आपल्या घरी आहे हे मला तिला दाखवायचं होतं. दुपारी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. ब्युरेट भरताना कॉस्टिक सोड्याचा ओघळ माझ्या बोटांवर आला. मी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. बुळबुळीत लागलं. साबण लावल्यासारखं.

मी नळाखाली हात धरून उभी राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, "बस झालं पाणी, गेलं असेल." मी हात पुसले, पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिथेच प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून पुढची पानं वाचली. आता डिक्शनरी सगळ्यांसमोर काढली. उघडलेल्या बॅगेवरच्या पुडीत कॉस्टिक असू शकतं, हातमोजे आणि चष्मा घाला, नंतर हात धुवा. हे एक. त्याखाली चकतीची आकृती होती. आत दोन कप्पे, दोन वेगवेगळ्या पिवळ्या वायरी. बेताच्या धडकेत एकच कप्पा फुटतो. पिशवी उघडलेली दिसते आणि दुसरा कप्पा भरलेला राहू शकतो. म्हणून उघडलेली बॅगही जिवंत समजावी. पुढच्या पानावर सीटचा पट्टा. धडकेच्या वेळी पट्टा मागे ओढण्यासाठी दोन दरवाजांमधल्या खांबाच्या बुडाशी एक नळी असते, तिच्यातही तीच दारू. बॅग फुटली म्हणून नळी फुटलेली असेलच असं नाही.

टपावरची मोठी फुली माझी होती.

सरांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस भरायची वाट पाहत उभी होती आणि कंडक्टर दारात उभा राहून उसाचा रस पीत होता. आमच्या घरी फोन नव्हता. समोरच्या दुकानात होता, पण त्याचा नंबर मला पाठ नव्हता, कधी लागलाच नव्हता. बस निघाली. अस्नोड्याला थांबली, एक बाई फणस चढवत होती, फणस दारात अडला आणि सगळी बस त्या फणसावर बोलायला लागली. मी मामाचं काम मनात चालवत होते. आधी तो बॉनेट काढतो, मग दरवाजे, जेवून येतो, मग टप उतरवतो. टप उतरवायचा तर खांब कापायला हवेत. म्हणजे दुपारनंतर. डिचोलीला बस बदलली. हातातल्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर घामाने ओलं झालं होतं. आज माझ्या स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर एअरबॅगची उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत. लाल सिग्नलला थांबले की त्यांच्यावर नजर जाते आणि आत पिवळ्या वायरी किती, हा विचार येतोच. मुलगी म्हणते, आई, हिरवा झाला.

कारापूरला उतरले तेव्हा कटरची सूं सूं रस्त्यावरच ऐकू आली. चंदेरी गाडीच्या उजव्या बाजूला वासूमामा उकिडवा बसला होता. वरून निम्मा खांब कापून झाला होता आणि तो खाली येत होता. मी हाक मारली. त्याचा डावा कान माझ्याकडे होता. अंगाला हात लावावा तर हातात पेटलेला कटर. मी भिंतीशी धावले, जिथे सिलिंडर उभे असायचे. गॅसचा आधी, मग ऑक्सिजनचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. चावी फिरवली. ज्योत फट् करून विझली.

अड्डा एकदम गप्प झाला. मामाने गॉगल वर केला. "कोणी बंद केल्यान रे?" मग मी दिसले. "तू? येडी झालंस?"

"मामा, बाजूक हो. पयला बाजूक हो."

तो उठला तो रागाने उठला. मी खाली वाकून खांबाच्या बुडाशी पाहिलं. अंगठ्याएवढी नळी आणि तिच्यातून निघालेली पिवळी वायर. कापलेल्या कडेपासून चार बोटांवर. पत्रा इतका तापला होता की रंग फुगून आला होता.

बाबा मागच्या बाजूने आले. मी पुस्तक उघडून धरलं आणि आकृतीवर बोट ठेवलं. मला वाटतं, त्या एका क्षणात मी दुसरं काहीतरी सांगायचा विचार केला होता. पुस्तकात नंतर सुधारणा आली, मेकॅनिकने वेगळं सांगितलं, असलं काहीतरी. मग मामाचा डावा कान दिसला, काजळी धरलेला.

"बाबा, मी सांगितलंय तां चुकीचा होता. मी सगळा वाचूक नव्हता. दीडच पान वाचलंय. उघडलेली पण जिवंत असता. पट्ट्यातय असता. सगळ्यो फुल्यो चुकीच्यो."

बाबांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "किती मारलंस?" त्यांनी विचारलं.

"चंदेरी गाडी धरून चार गाड्यांवर. आणि स्टिअरिंगच्यो चार चकत्यो."

"चकत्यो सकाळी पेडण्याच्या टेम्पोतसून गेल्यो," वासूमामा म्हणाला. पहिल्यांदाच तो हळू बोलला. "तुझी फुली होती म्हणान मीच भरलंय."

आई ओटीवर आली होती, हातांना खोबरेल. मी तिला म्हटलं, "आये, तो कपडो नीऱ्याक लावलंस?" ती म्हणाली, नाही, उद्या लावणार होती. मी तो काढून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. बाबांनी तोवर मोटारसायकल रस्त्याला लावली होती. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी बसले.

 कोलवाळच्या पुलावर वारा होता, मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि सगळा वेळ मी एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणत होते. पेडण्याच्या त्या अड्ड्यात माल कापत नाहीत, ठोकतात. बायका बसलेल्या असतात, पुढ्यात दगड आणि हातात हातोडा, ॲल्युमिनियममध्ये अडकलेलं लोखंड सुटं करायला. मी बाबांबरोबर एकदा तिथे गेले होते.

पोचलो तेव्हा तिघीजणी पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. हातोड्यांचा आवाज एकसारखा चालला होता. व्यापाऱ्याने बाबांना पाहून खुर्ची पुढे केली, बाबा बसले नाहीत. "सकाळच्या मालातल्यो चार चकत्यो परत होयत," ते म्हणाले. "जिवंत असत."

"जिवंत? फुली असा त्यांच्यार."

"फुली चुकली. माझ्या चेडवान वाचल्यान."

"सकाळची फुलीय तिनाच वाचून मारलेली न्ही?" व्यापारी हसला. "मगे सकाळचा खरा की सांजचा?"

"सकाळी अर्धा वाचलेला," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि माझी बाजूही त्यांनी घेतली नव्हती. जसं होतं तसं त्यांनी सांगितलं.

मी बायकांकडे गेले. तीन चकत्या ढिगाच्या कडेला होत्या. चौथी मधल्या बाईच्या मांडीवर, स्टिअरिंगच्या तुकड्यासकट. पन्नाशीची, नऊवारी कासोट्यातली, कपाळावर मोठं कुंकू. तिने हातोडा उचललेला होता. मी म्हटलं, "मावशे, तां ठोकू नको. खाली ठेव. हळू."

"कित्याक गो?"

"आत दारू असा. फुटात."

तिने चकती उलटी करून चुन्याची खूण पाहिली. "ही फुली कोणे मारल्यान?"

"मी."

"मगे?"

"चुकली."

"चुकली जाल्यार पूस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दोघी हसल्या. पण तिने हातोडा बाजूला ठेवला, चकती दोन्ही हातांनी उचलली आणि झोपलेलं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. "सकाळधरून दोन फावट ठोकलंय मी हेका," ती म्हणाली, उगाच, माहिती म्हणून. मग तिने पुढचा तुकडा ओढला.

परत येताना चारही चकत्या गोणत्यात होत्या. कॅरियरला बांधल्या तर खड्ड्यात आदळतील, मांडीवर घेतल्या तर पोटाशी येतील. मी एका बाजूने बसले आणि गोणता हात लांब करून अंगापासून दूर धरला. धारगळपर्यंत उजव्या हाताने, पुढे डाव्या हाताने. बाबा इतक्या हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्याच्या आधी ते म्हणायचे, "खड्डो." एवढंच.  मोटारसायकलवर तशा चकत्या नेणं हेही पुस्तकाप्रमाणे चूकच होतं, पण ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. आमच्या डोंगरामागे चिऱ्यांची एक बंद पडलेली खाण होती, पुरुषभर खोल, तीन बाजूंनी भिंत. तिथे बाबांनी ट्रकची बॅटरी आणि वायरीचं भेंडोळं नेलं. आई हातांना फडकी गुंडाळून खाणीच्या वाटेवर गुरं अडवायला उभी राहिली. मी पुस्तक घेऊन चिऱ्यांच्या ढिगामागे बसले. आम्ही असं ठरवलं की मी एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, ती करून झाली की बाबांनी "झाला" म्हणायचं आणि मगच पुढची ओळ. त्याआधी पान उलटायचं नाही.

पहिल्यांदा पट्टा. वासूमामाने करवतीने तो खांबासकट सुटा केला होता, गॅस न लावता. बाबांनी वायर जोडली, भिंतीआड आले, टोकं बॅटरीला टेकवली. चाबूक ओढावा तसा आवाज झाला आणि पट्टा वीतभर आत खेचला गेला. मामाच्या चांगल्या कानात तो गेला असावा, कारण तो खाली बसला आणि आपले हात उलटेसुलटे करून पाहू लागला.

मग चकत्या, एकेक करून, जुन्या टायरांच्या उतरंडीत ठेवून. पहिलीला काही झालं नाही. दोन्ही वायरी लावून पाहिल्या, काहीच नाही. ती खरोखर मेलेली होती. दुसरीला बाबांनी टोकं टेकवली आणि वरचा टायर हवेत उडाला. आवाज खाणीच्या तिन्ही भिंतींवर आपटून परत आला, झाडांतले कावळे उठले, टायरांच्या पोटातून पांढरा धूर वर आला. आईने वाटेवरून माझ्या नावाने हाक मारली, दोनदा. मी ओ दिली.

तिसरी आणि चौथी गप्पच राहिल्या. चारांतली ती दुसरी कोणती होती, पेडण्याच्या बाईच्या मांडीवरची की ढिगाच्या कडेची, ते मला सांगता येणार नाही. चारही सारख्याच दिसत होत्या. आणि चारही चकत्यांवर माझी खूण होती.

तापलेल्या लोखंडावर पाणी मारायचं हा बाबांचा हाताला पडलेला सराव. ते कळशी घेऊन निघाले. मी म्हटलं, "बाबा, पाणी नको. अर्धो तास थांबूचा म्हणता." ते थांबले, कळशी खाली ठेवली आणि धुराकडे पाहत उभे राहिले. किती वेळ झाला हे ते मधूनमधून मला विचारत होते. मी मनगटावरचं घड्याळ पाहून सांगत होते.

तिन्हीसांजेला, आईने तुळशीपुढे दिवा लावला तेव्हा, बाबा ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "आता पयल्या पानापासून वाच." मी वाचायला लागले, मराठीत सांगत. त्यांनी हात वर केला. "इंग्रजीच वाच. मग सांग." त्यांना एक शब्दही कळत नव्हता, तरी ते प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत ऐकत होते, डोळे बारीक करून, जसा ते एखाद्या इंजिनाचा आवाज ऐकत. वासूमामा पायरीवर, उजवा कान माझ्याकडे करून. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, डाव्या बाजूच्या मोठ्या बॅगेबद्दल. तिच्यात एक लांब शब्द. मी डिक्शनरी पाहिली. डिक्शनरीत तीन अर्थ होते, त्यातला कुठला लावायचा ते कळेना. मी ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

माझ्या तोंडात एक उत्तर तयार झालं होतं. ते बहुधा बरोबरही असावं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "माका म्हायत नाय, बाबा."

मामाने माझ्याकडे पाहिलं. आई दाराशी उभी होती, तिने बाबांकडे पाहिलं. त्या घरात मी हे वाक्य त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

 बाबांनी उठून पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ती ओळ कोणती ते मला बोट ठेवून दाखवायला लावली, आणि कानावरची पेन्सिल काढून तिच्या कडेला, स्वतःच्या हाताने, एक लहानशी रेघ मारली.

"सकाळी कालेजात विचारून ये," ते म्हणाले. मग मामाकडे वळून, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, "वासू, फाल्यां काम बंद. चेडू विचारून येयसर कटर पेटवूचो नाय."